घरांतील यंत्रें : सुरू होऊन लगेच बंद पडणारी मोटार

जुनी मोटार मुळींच सुरू होईना, तर घरांत काळजी उत्पन्न होते. पण ती सुरू होऊन दुसऱ्याच क्षणीं बंद पडूं लागली, कीं काळजीपेक्षां संताप अधिक येतो. वास्तविक पाहतां ही दुसरी गाडी आपल्यावर उपकारच करीत असते. मुकी राहिलेली गाडी कांहींच सांगत नाहीं. क्षणभर चालून थांबणारी गाडी निदान दोष कोठें नाहीं एवढें तरी सांगून जाते. तें ऐकून न घेतां आपण एकेक भाग बदलीत सुटतों, आणि रोगापेक्षां उपचार महाग पडतो.

इंजिन एकदां सुरू झालें याचा अर्थ काय? बॅटरी व स्टार्टर यांनीं आपलें काम केलें, प्लगांत ठिणगी पडली आणि सिलिंडरांत थोडें तरी पेट्रोल पोहोंचलें. म्हणजे नवी बॅटरी आणण्याचें कारण उरलें नाहीं. विचारावयाचा प्रश्न एकच : पहिल्या क्षणीं जें होतें आणि पुढच्या क्षणीं जें राहिलें नाहीं, असें काय? आपल्या नैयायिकांनीं यासच अन्वय-व्यतिरेक म्हटलें आहे.

हा प्रश्न ज्या गाडीसंबंधानें वारंवार पडतो, ती महाराष्ट्रास चांगली परिचित आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडूं लागली. पुढें १९७४ च्या सुमारास तिचेंच नांव प्रीमियर पद्मिनी झालें. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें सेवेंतून निघाली. तथापि आमच्या मारुंजीच्या रस्त्यानें हिंजवडीकडे नव्या गाड्यांची रीघ लागलेली असतांना, एखाद्या घरीं पत्र्याच्या छपराखालीं वडिलांची आठवण म्हणून जपलेली फियाट अजून दृष्टीस पडते. अशा कार्ब्युरेटर असलेल्या गाडीची परीक्षा करतांना तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली गोष्ट चावीची. इंजिन पेट घेतांच आपण चावी सोडतों व ती चालू स्थितींत मागें येते. नेमक्या त्याच क्षणीं इंजिन थांबत असेल, तर संशय विजेकडे वळवावा. कांहीं जुन्या गाड्यांत स्टार्टर फिरत असतांना कॉइलला बॅटरीची पूर्ण वीज मिळते आणि चावी सोडल्यावर ती एका रोधकामधून जाते. तो रोधक तुटला, किंवा चावीमागील स्विच झिजला, कीं वीज खुंटते. चावी चालू स्थितींत ठेवून कॉइलपाशीं बारा व्होल्टांचा लहान दिवा लावून पाहावा. तो मुळींच लागला नाहीं, तर वाट कोठें तुटली याचा शोध तेथून मागें करावा.

दुसरी गोष्ट पायाची. अॅक्सिलरेटर किंचित् दाबून धरल्यास इंजिन चालतें आणि पाय काढतांच बसतें, असें असल्यास मंद गतीस पेट्रोल पुरविणारें कार्ब्युरेटरांतील सूक्ष्म छिद्र बहुधा कचऱ्यानें बुजलेलें असतें. चोक ओढला असतां चालणारी व आंत ढकलतांच मरणारी गाडी मिश्रणांत हवा अधिक झाल्याचें सुचविते. अशा वेळीं कार्ब्युरेटरखालील गॅस्केट फाटलें आहे काय तें पाहावें. उलट पेट्रोलचा उग्र वास व काळा धूर येत असेल, तर चोक अडकला आहे किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर भरत आहे असें समजावें.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. मारुंजींतील एका एकत्र कुटुंबाची फियाट आषाढापासून उभी होती. दसऱ्यास पूजेसाठीं काढली, तों सुरू होऊन थांबूं लागली. नवी बॅटरी आली, नवे प्लग आले. गुण आला नाहीं. अखेर गाडी भंगारांत द्यावी असें वडील मंडळींचें ठरत आलें. तेव्हां घरांतील धाकट्या सुनेनें सहज मोजलें, तर प्रत्येक वेळीं इंजिन सुमारें वीस अंक मोजून होईपर्यंत चाले. पाय दाबला तर त्याहून लवकर थांबे. एवढ्यावरून उलगडा झाला. कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल संपेपर्यंतच गाडी चालत होती. मागून नवें येत नव्हतें. टाकीकडून पंपाकडे येणारी रबरी नळी सांध्यापाशीं चिरली होती, आणि पंप पेट्रोलऐवजीं हवा ओढीत होता. खालीं थेंबही गळत नसे, कारण त्या भागांत पेट्रोल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. वीतभर नळीनें वडिलांची गाडी घरांत राहिली.

याच लक्षणाचीं इतरही कारणें असतात : पंपाचा पडदा फाटणें, गाळणी तुंबणें, टाकींत पाणी साचणें, किंवा टाकीचें हवेचें छिद्र कुंभारीण माशीनें मातीनें लिंपणें. झांकण सैल करतांच गाडी चालूं लागली, तर दोष त्या छिद्राचा. यांत अलीकडे एक भर पडली आहे. भारतांत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २०२२ मध्यें दहा टक्के व २०२५ मध्यें वीस टक्के झालें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, व जुन्या प्रकारचें रबर त्यानें लवकर खराब होतें. म्हणून आमच्याकडील पावसांत चार महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या व पावसाळ्यानंतर शिळें पेट्रोल काढून टाकावें.

हें सर्व करतांना दोन पथ्यें कडकपणें पाळावीं. बंद जागेंत इंजिन चालवून पाहूं नये; त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राण घेतो. तसेंच कार्ब्युरेटरच्या तोंडांत हातानें पेट्रोल ओतूं नये, व नळी तोंडांत धरून पेट्रोल ओढूं नये.

माधवनिदान या आपल्या प्रसिद्ध वैद्यकग्रंथांत केवळ रोगाचें निदान आहे, औषधोपचार नाहीं. एका स्वतंत्र ग्रंथाइतकें महत्त्व आपल्या पूर्वजांनीं निदानास दिलें. तेव्हां मिस्त्रीस बोलावण्यापूर्वीं घरांतील कोणींही कागदावर पांच ओळी लिहून ठेवाव्या : इंजिन थंड होतें कीं तापलेलें, किती वेळ चाललें, चावी सोडतांना काय झालें, पाय व चोक यांचा काय परिणाम झाला, धूर कोणत्या रंगाचा होता. हा कागद चांगल्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवील. आणि मिस्त्री तितकासा चांगला नसेल, तर आपले पैसे.