नाळे बा : उद्या ये, आज नको



बेंगळुरूत किंवा कर्नाटकातल्या एखाद्या गावात लहानपण गेलेल्या, आज चाळिशीत असलेल्या कुणालाही ‘नाळे बा’ म्हणजे काय ते विचारून बघा. आधी हसू येईल आणि मग आवाज थोडा खाली जाईल. कन्नडमध्ये ‘नाळे’ म्हणजे उद्या आणि ‘बा’ म्हणजे ये. १९९०च्या दशकात हे दोन शब्द खडूने, कोळशाने, रंगाने घरोघरच्या दारांवर आणि भिंतींवर लिहिलेले असत.

बातमी अशी पसरली होती की रात्री एक बाई दारावर येते. ती घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, कधी आईच्या, कधी गावाहून येणाऱ्या भावाच्या. दार उघडलं की माणूस संपला. कुणी सांगे ती नवरी आहे, आपला नवरा शोधत फिरते. उपाय मात्र सगळीकडे एकच होता. दारावर ‘उद्या ये’ असं लिहून ठेवायचं. ती येते, वाचते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते, पुन्हा जाते.

आपल्याकडच्या किराणा दुकानातली पाटी आठवली ना? ‘आज रोख, उद्या उधार.’ गिऱ्हाइकाला परतवणारी तीच युक्ती इथे भुताला परतवते. २०१८ साली ‘स्त्री’ हा हिंदी चित्रपट आला, त्यातल्या भिंतींवरही हीच युक्ती होती. ती कुठून आली हे बेंगळुरूकरांना कुणी सांगावं लागलं नाही. आणि रात्री नाव घेऊन बोलावणारी ही बाई मराठीलाही अनोळखी नाही. आपण तिला ‘हाकामारी’ म्हणतो. रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आजी सांगायची ते उगाच नव्हे.

आज आपल्या मुलांचे राक्षस मोबाइलवरच्या गेममध्ये असतात, इंग्रजी पुस्तकांत असतात, जपानी कार्टूनमध्ये असतात. ते वाईट आहेत असं अजिबात नाही. पण आपल्या पोतडीतही चांगला माल आहे, आणि तो नीट बघितला तर पालकांना त्यातून बरंच काही मिळतं.

मराठी भुतांची यादीच घ्या. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. विद्या मिळवली पण तिचा गैरवापर केला तो ब्रह्मराक्षस. पैसा साठवला, वारस नाही, म्हणून त्यावर बसून राहिला तो समंध. रात्रीच्या प्रवाशाला तिथल्या तिथे फिरवतो तो चकवा, आणि पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. यातला जवळजवळ प्रत्येक जण म्हणजे कुणाचं तरी राहून गेलेलं आयुष्य आहे, नाहीतर एखादी खरीखुरी धोक्याची सूचना आहे. विहिरीच्या काठावर रेलू नको, अंधारात अनोळखी वाटेने जाऊ नको, असं शंभरदा सांगण्यापेक्षा गिऱ्हा आणि चकवा लवकर लक्षात राहतात. इंग्रजीतला ‘मॉन्स्टर’ हा शब्दही ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ अपशकुन, इशारा असाच आहे.

मुलं जरा मोठी असतील, दहा-बारा वर्षांची, तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. आपल्या गोष्टींत एवढ्या बायकाच भूत का होतात? हडळ, जखीण, अळवंतीण, आणि ही नाळे बावाली नवरी. ज्या काळात गावात डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता, त्या काळात बाळंतपणात गेलेल्या मुली घरोघरी असत. त्यांच्याबद्दल कुणी फार बोलत नसे, मग त्या गोष्टींत परत येत. मुलांना हे समजतं. घाबरण्याऐवजी ती अळवंतिणीबद्दल वाईट वाटून घेतात, आणि ते घाबरण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता लहानग्यांकडे वळू. तीन ते सहा या वयात पलंगाखाली कुणीतरी असणं अगदी नेहमीचं आहे. ‘काही नाही तिथे, झोप’ म्हटल्याने ते जात नाही. मग काय करावं?

पहिलं म्हणजे, भुताला नियम द्या. आपल्या जुन्या गोष्टींतला प्रत्येक राक्षस नियमाने बांधलेला आहे. भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म होतो, म्हणून मोहिनी नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेववते. बकासुराला गाडाभर अन्न लागतं, म्हणून भीम आधी ते अन्नच संपवायला बसतो. नाळे बा तर सगळ्यांत सोपी, तिच्यासाठी फक्त लिहिता आलं पाहिजे. मुलाला नियम कळला की काहीतरी करता येतं, आणि काहीतरी करता येणं हेच भीतीवरचं औषध आहे. पलंगाखालच्या पाहुण्यासाठी एक कागद लिहून चिकटवा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, दोन्हींत लिहा. बेंगळुरूतल्या भुताला कन्नड येतच असणार!

दुसरं म्हणजे, जेवणासाठी आणि अभ्यासासाठी भूत वापरू नका. ‘जेवला नाहीस तर बागुलबुवाला देऊन टाकीन’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. पण त्यात काय होतं ते पाहा. बागुलबुवाला नियम नाही, त्याला हरवता येत नाही, आणि आई-बाबा त्याच्या बाजूला उभे आहेत. नाळे बाच्या गोष्टीत भूत दाराबाहेर असतं आणि घरातले सगळे मिळून आत असतात. रात्री घाबरलेलं मूल ज्याला हाक मारणार, त्यानेच दिवसा भुताशी हातमिळवणी केली, तर मुलाने जायचं कुठे?

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गोष्ट संपली की भूत गोष्टीतच राहिलं पाहिजे. ते जिवंत माणसाला चिकटता कामा नये. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी, रस्त्यावर स्वतःशी बोलणारा माणूस, अंगावर कोड असलेली बाई, यांच्याकडे बोट दाखवून ‘ती बघ चेटकीण’ म्हणणं हा विनोद नाही. याच संशयावरून आपल्या देशात बायकांना मारहाण झाली आहे, त्यांचे जीवही गेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि कायदा विधिमंडळात मंजूर झाला तो त्यानंतर डिसेंबरात. कर्नाटकाचा असाच कायदा २०१७ चा, तो २०२० च्या जानेवारीपासून लागू झाला. एखाद्यावर करणी केल्याचा ठपका ठेवून त्याला छळणं हा दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. मुलांना राक्षसांच्या गोष्टी सांगताना हेही सांगायला हवं.

आपल्या जुन्या गोष्टकारांना हा फरक चांगला ठाऊक होता. विक्रम आणि वेताळाची गोष्ट घ्या. ‘चांदोबा’च्या पानांवर ती मराठीत वाचलेले आजोबा आणि कन्नड ‘चंदामामा’त वाचलेले शेजारचे अज्जा, दोघांनाही खांद्यावर प्रेत घेतलेला, हातात तलवार धरलेला तो राजा एकसारखाच आठवतो. त्या गोष्टीचा शेवट मात्र अनेकजण विसरतात. स्मशानातला वेताळ हा खलनायक नसतोच. राजाला प्रेत आणायला पाठवणारा साधूच त्याचा बळी द्यायला निघालेला असतो, आणि ते राजाला सांगतो कोण? वेताळ. भयंकर दिसतो तो सावध करतो, आणि भगव्या कपड्यातला घात करतो.

कोकणात तर या वेताळाला गावाचा राखणदारच केलं आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरून राखण करतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याची भीती वाटायची, त्यालाच पहाऱ्यावर ठेवलं.

तर या आठवड्यात घरी एक खेळ खेळून बघा. मुलांना कागद-रंग द्या आणि स्वतःचा एक राक्षस काढायला सांगा. दात, शिंगं, डोळे, हवे तेवढे. मग तीन प्रश्न विचारा. याला काय हवंय? हा कशाला घाबरतो? आणि हा आला तर तू कुणाला हाक मारशील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. त्यात तुमचं नाव आलं तर छानच. नाही आलं तर रागावू नका, त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा आणि आपल्याबद्दल थोडा विचार करा.

तुमच्या घरच्या राक्षसांबद्दल आम्हाला जरूर कळवा. आणि हो, खेळ फारच रंगला, रात्रीचे अकरा वाजले आणि ‘आणखी एकच गोष्ट’ असा हट्ट सुरू झाला, तर घाबरू नका. दोन शब्द तुमच्याकडे आहेतच. नाळे बा!