आठ युरोंचा पिंट आणि नळीतली शिळी बिअर

१८६२ पासून आयर्लंडमध्ये गिनेस स्टाउटच्या बाटलीवर फिकट पिवळसर रंगाचे एक लेबल दिसू लागले. त्यावर आयरिश वीणेचे चित्र असे, आर्थर गिनेस यांची सही असे आणि शिवाय आणखी एक नाव असे. ते नाव बाटली भरणाऱ्या पबमालकाचे किंवा व्यापाऱ्याचे. त्या काळी डब्लिनच्या ब्रुअरीतून बिअर लाकडी पिंपांतून निघे आणि गावोगावचे पबमालक ती आपल्या तळघरात बाटल्यांत भरत. बिअर आंबट निघालीच, तर जाब कोणाला विचारायचा हे गिऱ्हाइकाला लेबलावरच वाचता येई.

आज त्याच देशातल्या पबमध्ये क्राफ्ट बिअरचा, म्हणजे लहान स्वतंत्र ब्रुअरीत थोड्या प्रमाणात तयार होणाऱ्या बिअरचा, एक पिंट नेहमीच्या स्टाउटपेक्षा सहसा एखाद-दोन युरोंनी महाग मिळतो. या किमतीवरून आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. ब्रुअरी कराकडे बोट दाखवते, पबमालक भाड्याकडे आणि गिऱ्हाईक त्या दोघांकडे. मात्र त्या जादा पैशांच्या बदल्यात ग्लासात काय पडते, आणि जे पडते त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आयरिश बिअरचा इतिहास मात्र अडीचशे वर्षे याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

आधी कराचा हिशेब, कारण सर्वाधिक सबबी तिथे सांगितल्या जातात. आयर्लंडमध्ये बिअरवरचा अबकारी कर तिच्यातल्या मद्यांशावर ठरतो. ऑक्टोबर २०१३ पासून हा दर शंभर लिटरमागे, मद्यांशाच्या दर टक्क्याला २२.५५ युरो असा आहे. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ४.२ टक्क्यांच्या स्टाउटवर पिंटमागे सुमारे ५४ सेंट कर पडतो, ६.५ टक्क्यांच्या इंडिया पेल एलवर सुमारे ८३ सेंट. इथपर्यंत ब्रुअरीची तक्रार खरी वाटते. पण २००५ पासून लहान ब्रुअरींना हा कर निम्मा माफ आहे. म्हणजे त्या कडक पेल एलवर प्रत्यक्षात सुमारे ४२ सेंटच पडतात, साध्या स्टाउटपेक्षाही कमी!

राहिला २३ टक्क्यांचा मूल्यवर्धित कर. स्टाउट सहा युरोंना आणि क्राफ्ट बिअर आठ युरोंना विकली जाते असे मानले, तर स्टाउटच्या किमतीत हा कर १ युरो १२ सेंट असतो आणि क्राफ्टच्या किमतीत दीड युरो. दोन्ही करांची बेरीज केली तर क्राफ्ट पिंटवर सरकार सुमारे २६ सेंट जास्त घेते. किमतीतला फरक मात्र दोन युरोंचा. उरलेले पावणेदोन युरो करखात्याच्या माथी मारता येत नाहीत.

हे पैसे कोणाच्या खिशात बेकायदा जातात असे नव्हे. लहान ब्रुअरी माल्ट आणि हॉप्स थोडे विकत घेते, म्हणून महाग घेते. चार माणसे मिळून जेवढी बिअर तयार करतात तेवढी सेंट जेम्स गेटच्या यंत्रांना क्षणभराचे काम. रिकामे केग परत आणणे, शंभर किलोमीटरवरच्या एका पबला दोनच केग पोहोचवणे, हाही खर्चच. म्हणजे जादा किंमत मुळात अन्यायाची नाही. ती न्याय्य ठरते किंवा ठरत नाही, ते तळघर आणि नळ यांच्यामधल्या काही मीटर नळीत.

सवलतीने लहान ब्रुअरी जगतात हा समजही इतिहासात एकदा तपासून झाला आहे. अठराव्या शतकात लंडनची पोर्टर डब्लिनच्या बाजारात जोरात खपत होती आणि आयरिश ब्रुअर करांच्या ओझ्याबद्दल तक्रार करत होते. हेन्री ग्रॅटन यांच्यासारखा वजनदार संसदपटू त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १७९५ मध्ये आयरिश संसदेने बिअरवरचा अबकारी कर सरसकट उठवला. माफी सर्वांनाच होती. पण पुढच्या शंभर वर्षांत लहान ब्रुअरी एकामागून एक बंद पडत गेल्या आणि १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांचा करार करून सुरू झालेली एक ब्रुअरी जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींत जाऊन बसली. १८८६ मध्ये तिचे शेअर लंडनच्या बाजारात आले. कालवे आणि रेल्वे तिच्या कामी आले, भांडवलही आले. पण निर्णायक ठरली ती एक सवय. ब्रुअरीच्या फाटकाबाहेर पडलेली बिअरही आपलीच आहे, असे ती कंपनी मानत आली.

त्या फिकट पिवळ्या लेबलाकडे परत यावे लागते ते यासाठी. लेबले गिनेसच पुरवत असे आणि पबमालकाने जेवढी बिअर घेतली त्या हिशेबानेच देत असे, म्हणजे भलतीच बिअर त्या नावाने भरता येऊ नये. बदल्यात बाटली भरणाऱ्याला दुसऱ्या कोणाचीही स्टाउट किंवा पोर्टर बाटलीबंद न करण्याचे वचन द्यावे लागे. कंपनीचे फिरते निरीक्षक देशोदेशी जाऊन बाटल्या तपासत. इथे दर्जाची राखण आणि मक्तेदारी एकाच हाताने होत होती, आणि ती दोन कामे वेगळी करून दाखवणे अवघड आहे. मक्तेदारीवर रागावणाऱ्या आजच्या क्राफ्टप्रेमींना त्यातला पहिला भाग सहसा आठवत नाही.

संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला या दर्जाच्या वेडाचा प्रसाद मिळालेला आहे. १८९९ मध्ये गिनेसने विल्यम सीली गॉसेट या ऑक्सफर्डच्या पदवीधराला नोकरीत घेतले. सातूचे कोणते वाण चांगले, हॉप्सच्या मोजक्या नमुन्यांवरून सबंध साठ्याबद्दल काय सांगता येते, हे त्याचे प्रश्न होते. नमुने थोडे असताना अंदाज कितपत विश्वासार्ह मानावा, याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छापले. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतले. आज महाविद्यालयांत शिकवली जाणारी ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ ती हीच. बिअरच्या दर्जाची काळजी इतकी दूरवर गेली होती.

नळाचेही तसेच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पबमध्ये स्टाउट ओतणे हे हातचे कसब होते. एका पिंपातली ताजी, फसफसणारी बिअर आणि दुसऱ्यातली जुनी, निवलेली बिअर यांचा मेळ घालून ग्लास भरला जाई. हात बदलला की चव बदले. १९५९ मध्ये गिनेसच्याच मायकल अ‍ॅश या गणितज्ञाच्या गटाने नायट्रोजनचा वापर करून ही अडचण सोडवली. पिंट कोणीही ओतला तरी जवळपास सारखाच यावा, अशी ती सोय होती. त्यातून पबमधली विविधता बरीच मेली, हे खरे. पण डोनेगलच्या टोकाला पैसे मोजणाऱ्या माणसालाही डब्लिनसारखाच ग्लास मिळू लागला, हेही तितकेच खरे.

ब्रिटनमध्ये पब बहुधा ब्रुअरीच्या मालकीचे किंवा तिच्याशी करारबद्ध असत. आयर्लंडमध्ये ती पद्धत फारशी रुजली नाही; पबमालक कागदोपत्री स्वतंत्र राहिला. तरीही नळ मोजक्याच हातांत गेले. किल्केनीची स्मिथविक्स गिनेसकडे गेली, कॉर्कची मर्फीज १९८३ मध्ये हायनेकनकडे, आणि तिच्या पाठोपाठ त्याच शहरातली बीमिश अँड क्रॉफर्डही. २००९ मध्ये बीमिशची जुनी ब्रुअरी बंदच झाली. शीतकरणाची सामग्री, नळ, ग्लास बऱ्याचदा मोठा पुरवठादारच बसवून देतो आणि त्याचे तंत्रज्ञ ठरावीक काळाने येऊन नळ्या धुऊन जातात. पबमालकाला यात बंधन कमी आणि सोय जास्त दिसते. मात्र स्वतःची नळी स्वतः धुण्याची सवय त्याच्या अंगी मुरली नाही, ती यामुळेच.

या व्यवस्थेत क्राफ्ट बिअर शिरली. १९९६ मध्ये डब्लिनच्या टेंपल बारमध्ये ‘पोर्टरहाउस’ने स्वतःची बिअर विकायला सुरुवात केली, त्याच वर्षी कार्लोमध्ये पुढे ‘ओहाराज’ या नावाने ओळखली गेलेली ब्रुअरी स्थापन झाली. २००९ मध्ये गॉलवे बे, २०१० मध्ये डंगार्वन, आणि मग गावोगाव नवी नावे. गॉलवे बेच्या ‘ऑफ फोम अँड फ्युरी’ची चर्चा देशाबाहेरही झाली. आयरिश माणसाला पहिल्यांदाच नळावर पर्याय मिळाले आणि त्यासाठी तो जास्त पैसे द्यायला तयारही झाला.

तळघर मात्र बदलले नाही. क्राफ्ट बिअर बहुतेक वेळा पाश्चरीकरण न केलेली असते. हॉप्सचा तो मोहक सुगंध, ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, तोच सर्वांत आधी उडून जातो. (त्यातल्या पेल एलच्या नावात अजूनही ‘इंडिया’ आहे, कारण एकेकाळी ती मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी जहाजाने येई. खास त्या प्रवासासाठीच कोणी ती शोधून काढली, ही गोष्ट मात्र दंतकथाच.) सहा महिने समुद्र सोसणाऱ्या त्या जुन्या बिअरशी आजच्या पेल एलचे नाते नावापुरते आहे, आजची बिअर ताजी आणि थंडच हवी. केग उघडल्यावर तो थोड्या दिवसांत संपायला हवा. गिनेसचा केग गर्दीच्या पबमध्ये एका संध्याकाळीत रिता होतो. शेजारचा क्राफ्टचा केग त्याच पबमध्ये तीन आठवडे रेंगाळू शकतो. नळीत रात्रभर थांबलेली बिअर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात जाते. नळी वेळेवर धुतली नाही तर आत यीस्ट आणि जिवाणूंचा थर धरतो आणि बिअरला लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास येऊ लागतो. मोठ्या कंपनीचा तंत्रज्ञ आपल्या नळ्या धुतो. या नळीला वाली कोण?

सर्वांत वाईट भाग असा की नवख्या गिऱ्हाइकाला बिअर बिघडली आहे हे कळत नाही. त्याला वाटते, ‘क्राफ्ट’ची चव अशीच असते. आठ युरो देऊन तो एकदा फसतो आणि पुढच्या वेळी मुकाट्याने स्टाउट मागवतो. ब्रुअरीचा दोष नसताना तिचे गिऱ्हाईक तुटते. पबमालकाला वाटते, या गावात क्राफ्ट खपत नाही, म्हणून तो नळ काढून टाकतो. लहान ब्रुअरींच्या अडचणींची कारणे अनेक आहेत. त्यांतले हे एक विनाखर्चाच्या जवळपास सुटण्यासारखे आहे आणि तेच सुटत नाही.

‘क्राफ्ट’ या शब्दाचा भाव किती चढला होता, ते २०१६ मध्ये दिसले. एका बड्या कंपनीचीच नेहमीची बिअर काही पबमध्ये स्थानिक क्राफ्टच्या नावाने विकली जात असल्याचे तेव्हा उघड झाले. लोकांनी फसवणुकीचा राग केला, तो योग्यच. पण शब्दासाठी जादा पैसे देण्याची सवय आधीच लागली नसती, तर अशी फसवणूक करण्यात फायदाच उरला नसता.

पबमालकाची बाजूही इतिहासातच आहे. १९०२ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये नवे परवाने देणे जवळपास थांबवले. नवा पब हवा तर जुना परवाना विझवावा लागे. २००० च्या कायद्यानंतर तो परवाना देशातून कुठूनही विकत आणता येऊ लागला. परिणाम असा की पबचा परवाना ही स्वतःच एक मालमत्ता बनली. ती विकत घेणारा माणूस तिची किंमत ग्लासाग्लासातून वसूल करतो. हे समजण्यासारखे आहे. पण मग त्याने दहा नळ लावून दहा शिळ्या बिअरी विकण्याऐवजी दोनच नळ लावावेत आणि ते वाहते ठेवावेत. कडक बिअर लहान ग्लासात द्यावी. नळावर ताजी ठेवणे जमत नसेल, तर थंड कपाटातला कॅन उघडून द्यावा. त्याच्यावर निदान तारीख तरी छापलेली असते.

ब्रुअरींनाही इथे मोकळे सोडता येत नाही. केग पबच्या दारात उतरवला की आपले काम संपले, असे मानणाऱ्या ब्रुअरीने आपल्या बिअरवर दुसऱ्याला वाटेल ते करू दिलेले असते. जिथे भांड्यापासून नळापर्यंत मालक एकच आहे, तिथे ही अडचण जवळपास नाही. पोर्टरहाउस आणि गॉलवे बे यांनी स्वतःचे पब चालवले, ते उगाच नव्हे. २०१८ च्या कायद्याने ब्रुअरीला तिच्या आवारात, पाहायला आलेल्या पाहुण्यांना आपली बिअर विकण्याची मुभा दिली. तिथे चव बिघडली तर विचारायला माणूस समोरच उभा असतो.

बाकीच्या पबमध्ये फळ्यावर खडूने बिअरचे नाव, ब्रुअरीचे गाव, मद्यांश आणि किंमत लिहिलेली असते. केग कोणत्या दिवशी उघडला आणि नळी कधी धुतली, हे त्या फळ्यावर अजून कोणी लिहीत नाही.