मित्राला सुतक नसतं

मित्र गेला की सुतक लागत नाही. ऑफिसात रजा मागावी तर ‘तुमचे कोण होते?’ या प्रश्नाला ‘मित्र’ हे उत्तर पुरेसं वाटत नाही. सांत्वनाला माणसं जातात ती गेलेल्याच्या घरी. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर फिरायला जाणाऱ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. तो स्मशानातून घरी येतो, अंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा दूध आणायला जातो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आई-बाबांना असा एक मित्र असतो. गाण्यातला दर्दी, पुस्तकं वाटत फिरणारा, नाटकाची तिकिटं सगळ्यांच्या आधी काढून ठेवणारा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना तर याचं मोल जास्तच. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, गणेशोत्सवात नाटक बसवायला आणि दिवाळी अंक चार घरांत फिरवायला असा एखादा माणूस लागतोच. मुलं त्याला काका म्हणतात. भीमसेन आणि किशोरीताई त्याच्यामुळेच त्यांच्या कानावर पडलेल्या असतात.

मग एक दिवस तो जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’. शब्द जुळवणं हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून असेल कदाचित, पण मला हे शब्द टोचतात. लिहिणाऱ्यांचं दुःख खोटं नसतं. पण हे शब्द कुणालाही लागू पडतात, आणि आपला मित्र ‘कुणीही’ नव्हता.

रावसाहेबांची मराठी

मित्राची आठवण कशी जपावी, हे मला पु. ल. देशपांडे यांच्या ‘रावसाहेब’ या लेखात दिसतं. ‘गणगोत’ या पुस्तकात तो आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो वाचला असेल, किंवा पुलंच्याच आवाजात ऐकला असेल.

पु.ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. तिथे त्यांना कृष्णराव हरिहर, म्हणजेच रावसाहेब भेटले. मातृभाषा कानडी, त्यामुळे मराठी बोलताना लिंगांची सरमिसळ व्हायची आणि वाक्यावाक्याला शिव्या यायच्या. पण गाण्यावर आणि नाटकावर जीव असा, की चांगला सूर लागला की हा दांडगा माणूस विरघळून जायचा. सुसंस्कृत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हळू बोलणारा, तोलूनमापून शब्द वापरणारा माणूस येतो. रावसाहेब त्या साच्यात अजिबात बसत नव्हते. तरीही लेख वाचून झाल्यावर त्यांच्याइतका सुसंस्कृत माणूस विरळा, असंच वाटतं. दुसऱ्याच्या कलेला मनापासून दाद देणं आणि त्यासाठी खिसा नि वेळ मोकळा सोडणं, ही संस्कृती त्यांच्यात काठोकाठ होती.

लेख लिहिला गेला तो रावसाहेब गेल्यानंतर. अशा वेळी लेखकाला मोह होतो माणूस धुऊनपुसून, इस्त्री करून लोकांसमोर ठेवण्याचा. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, अशी आपली रीतच आहे. पुलंनी तसं केलं नाही. रावसाहेबांचा कानडी हेल ठेवला, चुकलेली लिंगं ठेवली, शिव्यासुद्धा ठेवल्या. म्हणूनच रावसाहेबांना कधीही न पाहिलेल्या माझ्यासारख्या मुलीलाही त्यांचा आवाज ऐकू येतो. नुसतं ‘संगीतप्रेमी आणि दिलदार’ असं लिहिलं असतं, तर आज त्यांची आठवण बेळगावातल्या जुन्या घरांपुरतीच राहिली असती.

नातवापर्यंत पोहोचलेले आजोबा

पुलंचे दुसरे जिवलग मित्र म्हणजे गायक वसंतराव देशपांडे. पु.ल. 1919 सालचे, वसंतराव 1920 चे. वसंतराव तबलाही उत्तम वाजवत आणि पु.ल. पेटी, त्यामुळे ही मैत्री गप्पांइतकीच सुरांचीही होती. वसंतरावांनी आयुष्याची कितीतरी वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली. दिवसा हिशेब आणि रात्री गाणं. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरांत पोहोचले. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. त्याआधीच्या खडतर वर्षांत या गळ्याची किंमत ज्यांना कळली होती, त्यांत हा मित्र होता.

30 जुलै 1983 रोजी वसंतराव गेले. त्यांचे नातू राहुल देशपांडे तेव्हा चार वर्षांचेही झाले नव्हते. एवढ्या लहान मुलाला आजोबा किती आठवणार? बाकीचे आजोबा त्याला मिळतात ते ध्वनिमुद्रणांतून, आणि आजोबांबरोबर बसलेल्या, हसलेल्या, भांडलेल्या माणसांच्या तोंडून. हेच नातू पुढे गायक झाले आणि पुण्यात आजोबांच्या नावाने ‘वसंतोत्सव’ भरवू लागले. 2022 साली ‘मी वसंतराव’ हा चित्रपट आला, त्यात वसंतरावांची भूमिकाही त्यांनीच केली. त्या चित्रपटात पु.ल. हे एक पात्र आहे. वसंतरावांची गोष्ट त्यांच्या मित्राला वगळून सांगताच आली नसती.

मला वाटतं, मित्राचं खरं काम इथे आहे. बायकोला नवरा माहीत असतो, मुलांना बाबा माहीत असतात. पण परीक्षेत नापास झाल्यावर रात्रभर स्टेशनवर बसून राहिलेला, पहिल्या पगाराचे पैसे मैफलीच्या तिकिटावर उडवणारा, नोकरी सोडू की नको म्हणून घाबरलेला तो मुलगा फक्त मित्राला माहीत असतो. मित्र गप्प राहिला, तर तो मुलगा दुसऱ्यांदा जातो.

आपण काय करू शकतो?

यासाठी पुलंसारखं लिहिता यायलाच हवं असं नाही.

तेराव्यानंतर फोन थांबतात. तिसऱ्या महिन्यात फोन करा. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘तुम्हाला त्याची एक गंमत सांगायची राहिली’ असं म्हणून पाहा. घरच्यांना ठाऊक नसलेला एखादा प्रसंग सांगा. ऐकणारी माणसं रडतील, पण बहुतेक वेळा हसतीलही.

लिहिणार असाल तर विशेषणं टाळा. त्याची बोलण्याची लकब लिहा. चहात साखर किती घ्यायचा, कुठल्या गायकावरून भांडायचा, कुठलं पुस्तक तुमच्याकडून नेऊन कधीच परत केलं नाही, ते लिहा. चिडका होता तर चिडका लिहा. एक पान पुरे. ते त्याच्या मुलांना पाठवा.

लिहिण्याचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट करा. त्याच्या जुन्या व्हॉइस नोट तुमच्या फोनमध्ये असतील तर आधी त्या दुसरीकडे साठवून ठेवा. फोन बदलताना अशा गोष्टी हरवतात आणि मग त्या कुठेच मिळत नाहीत.

त्याने लावलेली सवय मोडू नका. तो दर वर्षी दिवाळी अंक वाटायचा, तर यंदा तुम्ही वाटा. तो शेजारच्या मुलांना गाणं ऐकवायचा, तर एखाद्या रविवारी तुम्ही ऐकवा.

आणि माझ्या वयाच्या वाचकांसाठी एक काम. आई-बाबांचा कॉलेजातला एखादा जुना फोटो शोधा. त्यात त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला कुणीतरी असेल, ज्याचं नाव घरात हल्ली निघत नाही. ‘हे कोण?’ एवढंच विचारा, आणि फोन बाजूला ठेवून शेजारी बसा. सुरुवातीला एखाद-दुसरं वाक्य येईल. मग चहा ठेवावा लागेल.