झऱ्यांच्या नदीला वाली कोण?

दिल्लीच्या राजकारणात नदी म्हटले की गंगा आणि यमुना ही दोनच नावे घेतली जातात. कुमाऊंमधील कोसीला या राजकीय नकाशावर फारसे स्थान नाही. ही बिहारची महापुराची कोसी नव्हे. कौसानी परिसरातील डोंगरांत उगम पावून, अल्मोड्याची तहान भागवून, रामनगरमार्गे रामगंगेला मिळणारी ही नदी हिमनदीवर पोसलेली नाही. पावसाळ्यात डोंगरात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे झिरपत राहते, त्यावरच ती उन्हाळा काढते. हिमालयातील जवळपास निम्मे झरे आटत चालले असल्याचे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने नमूद केले. अशा नद्यांसाठी ती धोक्याची घंटा होती.

झरा जेथे दिसतो, तेथेच त्याचे पाणी मुरलेले असते असे नाही. खडकांचे थर ज्या दिशेने कललेले असतील त्यानुसार ते कित्येकदा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत मुरलेले असते. त्या उतारावर हॉटेल उभे राहिले किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला गेला, की खालच्या गावाचा झरा मुकाट्याने आटतो. नदीकाठी एकही वीट न रचता नदी मारता येते, ती अशी.

आपले कायदे मात्र काठापाशीच थांबतात. गंगेसाठी २०१६ मध्ये काढलेल्या केंद्राच्या आदेशाने गंगा व तिच्या उपनद्यांच्या पूरक्षेत्रातील बांधकामांना प्रतिबंध केला. डोंगरउतारावरील पुनर्भरण क्षेत्र त्या रेषेबाहेरच राहते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गंगा-यमुनेला व्यक्तीचा दर्जा दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. महाराष्ट्रानेही याबाबत फुशारकी मारू नये. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराचे बंधन घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्याने २०१५ मध्ये रद्दच करून टाकले.

उत्तराखंड विधानसभेने २०२५ मध्ये भूकायदा कडक केला. तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती व फळबागांची जमीन विकत घेण्यास मनाई झाली. स्थानिकांच्या अस्मितेच्या दृष्टीने हे पाऊल समजण्यासारखे आहे. परंतु जमीन कोणाची, एवढेच हा निर्बंध विचारतो. काँक्रीट ओतणारा अल्मोड्याचा असो वा दिल्लीचा, झऱ्याच्या लेखी दोघांत काहीच फरक नाही.

पाणी आणि जमीन हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत आणि बाराव्या अनुसूचीने जमीनवापराचे नियमन नगरपालिकांच्या कामांत घातले आहे. म्हणजे संसदेकडे बोट दाखवून राज्यांना सुटका करून घेता येणार नाही. वाटही अनोळखी नाही. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमात झऱ्यांची पुनर्भरण क्षेत्रे शोधून तेथे पाणी मुरवण्याचे काम केले. त्यामागील भूजलशास्त्रीय मार्गदर्शनात पुण्याच्या 'अ‍ॅक्वाडॅम' संस्थेचा वाटा होता. या नकाशांना विकास आराखड्यात कायदेशीर स्थान देणे, ही पुढची पायरी आहे.

येथे पहाडी माणसाचा आक्षेप रास्त आहे. रोजगाराअभावी गावे ओस पडत असताना आणखी निर्बंध कशासाठी, असे तो विचारतो. म्हणूनच सरसकट बंदी नको. पुनर्भरण क्षेत्रे नेमकी आखावीत, तेथेच बांधकाम व उत्खनन रोखावे आणि बाकी जमीन मोकळी ठेवावी. ज्या गावाला आपला उतार राखावा लागतो, त्याला खालच्या शहराने पाणीपट्टीतून मोबदला द्यावा. त्यागाचा भार वरच्यांनी वाहायचा आणि नळ खालच्यांनी सोडायचे, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही.

नदीच्या नावाने आरत्या आणि घाट उभारणे सोपे आहे, कारण त्यात कोणाचा भूखंड अडत नाही. कोसीसारख्या नदीसाठी भूखंडच अडवावा लागेल. राज्यकर्त्यांची खरी परीक्षा तेथे आहे.