गोळी औषधाची, कुलूप घरचे



फुलंब्रीच्या एका माऊलीने आम्हाला विचारले, "माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी अतिचंचलतेवर गोळी दिली. शेजारीण म्हणते, ही नशेची गोळी. आम्ही तर पंचशील घेतलेली माणसं. देऊ की बंद करू?"

प्रश्न रास्त आहे. या गोळीचे नाव मिथाइलफेनिडेट. ती मेंदू उत्तेजित करते, म्हणूनच लक्ष टिकते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात तिची नोंद आहे. दुकानात ती कुलपात ठेवावी लागते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते.

मग शेजारीण खरी ठरली का? अर्धीच. आजार नीट तपासून, ठरलेल्या मात्रेत, तोंडावाटे गोळी घेणाऱ्या मुलांना पुढे व्यसन लागण्याचा धोका या औषधाने वाढतो, असे दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसलेले नाही. भूक मंदावणे, झोप उडणे हे त्रास मात्र होतात. म्हणून वजन, उंची, रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा.

खरा धोका दुसऱ्या हातांत आहे. थोरला भाऊ परीक्षेसाठी रात्र जागायला तीच गोळी घेतो, मित्राला देतो, कुणी जास्त घेतो किंवा कुटून ओढतो. तेव्हा औषधाचे व्यसन होते, हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये अशा औषधांवरचा इशारा याच कारणासाठी अधिक कडक केला.

पाचवे शील प्रमाद आणणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. आजारी लेकराचे चित्त थाऱ्यावर आणणारे औषध म्हणजे प्रमाद नव्हे. तीच गोळी थोरल्याने चोरून घेतली, तर मात्र शील मोडले.

तेव्हा माऊली, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका. डबा कुलपात ठेवा, गोळ्या मोजा, स्वतःच्या हाताने द्या. उरलेल्या कुणाला देऊ नका. शंका आली तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठा. प्रवासाला पैसे नसतील तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट बोला. उत्तेजक नसलेली औषधेही असतात, तेही विचारा.

आणि प्रत्येक खोडकर पोर आजारी नसते, हेही ध्यानात ठेवा. आधी तपासणी, मग गोळी.

जयभीम!