उपचाराचे पैसे वेळेत द्या : सातारा-सांगलीकरांचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सातारा व सांगली)

विषय : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांच्या देयक पद्धतीत सुधारणा करणेबाबत.

महोदय,

ज्यांच्या नावाने योजना चालते, त्या जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. तिथल्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सातारा, कराड नाहीतर मिरज गाठावी लागते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले. आजही कर्नाटक सीमेपलीकडचे रुग्ण मिरजेत उपचारासाठी येतात.

२०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते ५ लाख झाले. पण रुग्णालयाच्या हाती पडते ती उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजची रक्कम, आणि अडचण तिथेच आहे.

रेशनकार्ड, आधार आणि एक्स-रेची पिशवी घेऊन नातेवाईक आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभा राहतो. मंजुरी येते, ऑपरेशन ठरते. मग हातात चिठ्ठी पडते : ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा.’ पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, जेवण सगळे धरलेले असते. तरी रुग्णालयाचा क्लेम रखडला, दर परवडेना, की त्या तुटीची वसुली अशी नातेवाइकाच्या खिशातून होते. पक्की पावती हातात नसेल, तर तक्रार कशाच्या जोरावर करायची?

म्हणून निवेदनकर्त्यांच्या मागण्या अशा :

१. या योजनेशी जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत राज्यांतर्गत क्लेमसाठी १५ दिवसांची मुदत आहे. ती काटेकोर पाळावी. उशीर झाल्यास रुग्णालयाला व्याज द्यावे.

२. क्लेममधील सर्व त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात.

३. पॅकेजचे दर दरवर्षी प्रत्यक्ष खर्च तपासून ठरवावेत. थायलंडच्या २००२ पासूनच्या सार्वत्रिक योजनेत दाखल रुग्णाचे पैसे आजाराच्या गटानुसार ठरतात. इथेही मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असलेला रुग्ण आणि एरवी धडधाकट रुग्ण एकाच दराने मोजू नयेत.

४. माण, जत, पाटण तालुक्यांतील शासकीय रुग्णालयांत डायलिसिससाठी वाढीव दर द्यावा. ही सोय तालुक्यातच व्हावी, कारण आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने शहर गाठण्यात रुग्णाची मजुरी बुडते.

५. डिस्चार्जच्या वेळी मराठीत हिशेब द्यावा : पॅकेज कोणते, रक्कम किती, कुटुंबाची शिल्लक किती. बाहेरून खरेदी करायला लावल्याचे आढळल्यास ती रक्कम क्लेममधून कापून रुग्णाला परत करावी.

या मागण्यांवर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि दोन्ही जिल्ह्यांतील थकीत क्लेमचा तपशील तालुकानिहाय जाहीर करावा, ही विनंती.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील रुग्ण व नातेवाईक