सर्व्हरच्या बाजूला कोण बसणार?

संगणकशिक्षणाच्या नावाने खानदेशात गेल्या पंचवीस वर्षांत बरेच काही झाले. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाले आणि जळगाव-धुळ्यापासून चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्रीपर्यंत क्लासचे फलक लागले. आपल्या वस्तीतील मुलामुलींनी हप्त्याहप्त्याने फी भरून प्रमाणपत्रे मिळवली. टायपिंग, टॅली, फार तर डीटीपी. त्यातून काहींच्या पोटाची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या शिक्षणाने आमचा तरुण संगणकापुढे बसला तो दुसऱ्याने आखलेल्या चौकटी भरण्यासाठी. चौकटी कोण आखतो, भरलेली माहिती कोठे जाते आणि ‘अर्ज नामंजूर’ हे शब्द पडद्यावर कोण आणतो, हे त्याला कोणी शिकवले नाही.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. दाखला, निकाल, प्रवेश, सगळे ऑनलाइन. या प्रत्येक व्यवस्थेला दोन बाजू असतात. एक आपल्या मोबाइलच्या पडद्यावरची, दुसरी दूर कोठेतरी चालू असलेल्या यंत्राची, म्हणजे सर्व्हरची. पडद्यावरची तपासणी केवळ सोयीसाठी असते. थोडी माहिती असलेला कोणीही ती चुकवू शकतो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर होते. उत्पन्नाची मर्यादा, शेवटची तारीख, दाखल्याचा क्रमांक यांचा निवाडा तेथेच लागतो. नियम शासन ठरवते हे खरे, पण तो नियम यंत्रात उतरवणारा हात प्रोग्रामरचा असतो. त्या हातांत आमचे हात किती आहेत?

हे काम फक्त पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कॉलेजातल्यांनाच जमते, हा समज मुद्दाम पसरवलेला आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आईक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. ती प्रामुख्याने ब्राउझरमध्ये राहिली. सर्व्हरवर चालवण्याचा प्रयत्न नेटस्केपने त्याच काळात केला होता, पण तो रुजला नाही. २००९ साली रायन डाल या तरुणाने गुगल क्रोममधील व्ही-८ हे इंजिन घेऊन नोड जेएस तयार केले आणि नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या परिषदेत ते मांडले. तेव्हापासून पडद्याची आणि सर्व्हरची बाजू एकाच भाषेत लिहिता येऊ लागली. नोड जेएस फुकट आहे. जुन्या संगणकावरही पहिले धडे गिरवता येतात. एकदा ते यंत्रात उतरवून घेतले की इंटरनेट बंद असतानाही स्वतःचा छोटा सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहता येतो. ज्या घरी महिनाअखेरीस रिचार्ज संपतो, त्या घरच्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही.

आता त्याची कामाची रीत पाहा. तहसीलच्या खिडकीवर एकच कारकून आहे असे समजा. त्याने अर्ज घेतला, फाइल काढायला शिपाई आत पाठवला, आणि शिपाई परत येईपर्यंत स्वस्थ बसून राहिला, तर रांग बसस्थानकापर्यंत जाईल. शहाणा कारकून पुढच्याचा अर्ज घेतो आणि फाइल आली की ज्याची त्याला हाक मारतो. नोड असेच चालते. खिडकी एकच, पण वाट पाहण्यात वेळ दवडत नाही. मात्र कारकून स्वतःच लांबलचक हिशेब करत बसला, तर सगळी रांग थांबते. नोडचेही तेच. हे कळले नाही तर महागड्या क्लासातून बाहेर पडलेला मुलगाही सर्व्हर बंद पाडतो.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचे. ‘धुळे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. जावास्क्रिप्ट त्याची लांबी चार मोजते, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या धरल्या जातात. साठवताना नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने त्यालाच बारा बाइट लागतात. रोमन लिपीत लिहिले तर पाच पुरतात. रोमन अक्षरांच्या हिशेबाने चौकट आखली की मराठी नाव मधेच तुटते. ज्याची मायबोली मराठी किंवा अहिराणी आहे, ज्याच्या घरचे कागद देवनागरीत आहेत, त्याला ही अडचण शिकवावी लागणार नाही.

काही जण म्हणतील, आता एआय प्रोग्राम लिहून देतो, मग शिकायचे कशाला? लिहून देतो, बरोबर. तो चुकला हे कोण सांगणार? तयार तुकडे जोडण्याची सवय काय करते, हे मार्च २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि मोठमोठ्या कंपन्यांची कामे अडली. अकरा ओळी! पाया पक्का असलेला विद्यार्थी त्या तासाभरात लिहील.

मग शिकवायचे कोणी? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगावात आहे, धुळ्यात आणि जळगावात शासकीय तंत्रनिकेतने आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी रविवारी दोन तास समाजकल्याणच्या वसतिगृहात येऊन मराठीतून शिकवावे, आणि संस्थांनी त्याची नोंद त्यांच्या अभ्यासात धरावी. वसतिगृहांनी संगणकाची खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. कुलूप लावून यंत्र टिकत नाही, जुने मात्र होते. आणि थोडे आपल्यालाही. जयंतीला डीजेवर किती जाते याचा हिशेब प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. एका वर्षी त्यातील निम्मी रक्कम बाजूला काढली, तर बुद्धविहारात दोन-तीन वापरलेले संगणक सहज येतील. शिकवणाऱ्याला प्रवासखर्चही देता येईल.

पहिला धडा ‘नमस्कार जग’ छापण्याचा नको. वसतिगृह प्रवेशाची प्रतीक्षायादी करायला द्या. अर्ज कोणाचा आधी आला, गुण किती, जागा किती, कोणाला का वगळले याचे कारण मराठीत पडद्यावर आले पाहिजे, ही अट घाला.